धुपाखालची माती

"आज कोण गेलं?"

तानूबाई कुंपणाबाहेरूनच विचारायची. रोज सकाळी हाच प्रश्न. जसं काही मी रोपवाटिका नाही, इस्पितळ चालवत होते.

मी पिशव्यांच्या रांगेत उकिडवी बसलेली आणि हातात आडवं झालेलं एक रोप. काल संध्याकाळपर्यंत ते ताठ उभं होतं, कोवळ्या पानांचा लालभडक तुरा मिरवत होतं. आज मातीलगत देठ पिचून तपकिरी पडलेला आणि मान टाकलेली. उपटावंही लागत नव्हतं. नुसतं धरलं की हातात यायचं, आणि खाली मूळ म्हणून एक काळा बुळबुळीत दोरा.

"समोरच्या रांगेतली आणखी चार-पाच," मी म्हणाले.

"आई नेती," असं म्हणून ती आत आली आणि माझ्याशेजारी बसली. "तिचीच हायती. तीच नेती."

"मग तुमच्या आईला सांगा, थोडी आमच्यासाठी ठेव म्हणावं. आम्ही काय इथं गंमत म्हणून राबतोय?"

तोंडाला पदर लावून ती हसली. तानूबाई गुरवीण साठीला टेकलेली होती. कान जरा बाहेर आलेले, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. ती आई म्हणायची ती देवी धुपजाई; तिची पूजा आणि दिवा तानूबाईकडे होता. नवरा गेला, पुतणे मुंबईला गेले, आणि देवीचा दिवा काही मुंबईला नेता येत नव्हता.

सावरघळ नावाचं ते गाव आता नाही. तिथं जंगल राखीव झालं, आणि घाटमाथ्यावरची ती पंचवीस-तीस घरं खाली शिराळ्याकडच्या एका माळावर हलवायचं ठरलं. लोक तयार झाले. अडून बसली ती धुपजाई. तिची मूर्ती नाही, देऊळ नाही. देवराईत एक जुनं धुपाचं झाड आहे, चार माणसांच्या कवेत न मावणारं, आणि त्याच्या बुडाशी एक शेंदूर लावलेला तांदळा, नुसता बिनघडीव दगड. गावानं कौल लावला. कौल आला तो असा, की मी येते, पण माझ्या झाडाच्या सावलीतच बसेन. म्हणजे आधी झाड जायला हवं. म्हाताऱ्यांनी त्याचा अर्थ लावला: या धुपाचं रोप नव्या गावात लावायचं, त्यानं एक पावसाळा काढला तर आई खाली येईल. तोवर वरचा दिवा चालू ठेवायचा, आणि तो गुरवाच्याच हातचा.

देवराईतून वाळली काडीसुद्धा उचलायची नाही अशी तिथली रीत. त्या वर्षापुरती बिया वेचायला देवीनं परवानगी दिली, आणि बिया रुजवायला एका संस्थेनं मला धाडलं. मी तेव्हा तिशीची, शेतकी कॉलेजात रोपांच्या रोगांवर शिकलेली. माझं लग्न जमत नाही म्हणून नातेवाईक हळहळत, त्याच्या दुप्पट मी रोपांसाठी हळहळायची.

धूप हे मोठं हट्टी झाड. बी टणक कवचाचं, रुजायला महिनेच्या महिने घेणार. त्यात या झाडाची गोष्ट वेगळीच. दर पावसाळ्यात त्याच्या खाली रोपांचा लाल गालिचा पसरायचा आणि दसऱ्यापर्यंत एकही उरायचं नाही. गावातल्या कुणालाही आठवत नव्हतं की त्या धुपाचं एखादं पोर मोठं झालंय.

म्हणून मी फार काळजी घेतली होती. माती देवराईतली नाहीच घेतली. ओढ्याकाठची घेतली, चाळली, आणि चुलाणावर लोखंडी पत्रा टाकून चक्क भाजून काढली. तेव्हा तानूबाई कंबरेवर हात ठेवून बघत उभी होती.

"अवो टिपनीसबाय, माती भाजत्यात व्हय कवा? ती काय भाकरी हाय?"

"मातीत रोगाची बुरशी असते आजी. भाजली की मरते."

"आन् मातीचा जीव? त्यो न्हाई मरत?"

"तेवढा मरू दे," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

एवढं करून मर लागलीच. मिरचीच्या रोपांना लागते तशी. आज इथलं रोप, उद्या त्याच्या शेजारचं. मी पाणी कमी केलं, सावलीचे पत्रे हलवले, मोरचूद-चुन्याचं पाणी फवारलं. तानूबाईनं मीठ-मोहरी उतरून दृष्ट काढली. माझ्या फवाऱ्याचा आणि तिच्या मोहरीचा गुण सारखाच आला.

या सगळ्यात तिचा जीव माझ्याहून जास्त अडकला होता, हे मला ठाऊक होतं. नव्या गावठाणाच्या शेजारच्या गावात तिची धाकटी बहीण हौसा राहायची. हौसाचा मुलगा कोंडीबा टेम्पो चालवायचा. त्याच्याविषयी बोलताना तानूबाईच्या शब्दाशब्दाला गोडी यायची.

"कोंडीबाला लेक झाली औंदा. मी अजून बघितली न्हाई."

"मग जाऊन या की दोन दिवस. दिवा मी लावते."

"तुमचा दिवा तिला चालंल व्हय?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी भलतंच बोलले होते. "झाड लागू दे. मग आई बी खाली जाईल आन् म्या बी जाईन. हौसाच्या घरापासनं हाकेवर हाय नवं गावठाण. रोज सकाळी कोंडीबाला बघीन. पोरगी मांडीवर घीन." मग ती पिशव्यांकडे वळून म्हणायची, "जगा गं बायांनो. एक जरी जगली तरी बास."

आणि पिशव्यांतली आणखी काही मान टाकायची.

श्रावण संपता संपता निम्म्याहून अधिक रोपं गेली, तेव्हा मेलेली रोपं ओल्या फडक्यात बांधून मी कॉलेजात साबडे सरांकडे गेले. सरांनी मला शिकवलं होतं. गालात सुपारी आणि बोलण्यात फटकळपणा कायमचा. त्यांनी एका मुळाचा पातळ काप घेतला, सूक्ष्मदर्शकाला बराच वेळ डोळा लावला आणि वर न बघता विचारलं, "माती कुठली?"

"ओढ्याकाठची. भाजून घेतलेली."

"खोटं बोलतेस."

"सर!"

"मग तुला कुणीतरी बनवतंय. ही बुरशी भाजलेल्या मातीत आकाशातून पडली का? ही मुरलेली आहे. जुन्या झाडाच्या बुडाशी वर्षानुवर्षं पोसलेली असते, त्यातली." त्यांनी सुपारी दुसऱ्या गालात सारली. "थंड देशांतल्या जंगलांत लोकांनी यावर पुष्कळ काम केलंय. चेरीच्या जातीची झाडं. बी आईच्या पायाशी ढिगानं पडतं, रुजतं, आणि तिच्या मुळांवर पोसलेली बुरशी त्या कोवळ्या रोपांना खाते. आई जून असते, तिला ते सोसतं. पोरांना सोसत नाही. पाखरांनी लांब नेऊन टाकलेली जगतात. जितकं आईजवळ, तितकं मरण. तुझ्या पिशव्यांत त्या मोठ्या झाडाखालची माती गेलीय. कशी गेली ते तू शोध."

परतीच्या एसटीत मी सगळ्या शक्यता चाचपल्या. भाजलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर कुणाची गुरं आली असतील. पावसाच्या पाण्याबरोबर देवराईतून काही वाहून आलं असेल. पण देवराई होती ओढ्यापलीकडे, आणि पाणी काही वर चढत नाही.

मी पोचले तेव्हा तानूबाई रोपवाटिकेतच होती. पुढच्या रांगेशी बसून एकेका रोपाला बोटानं गोंजारत होती. मी पिशवी खांद्यावरून उतरवलीही नाही.

"आजी, या पिशव्यांत कुणी काही घातलंय का? माती वगैरे?"

"मीच घातली की," ती म्हणाली.

इतक्या सहज म्हणाली, आणि वर कौतुकाची वाट बघितल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

"काय घातली?"

"आईच्या बुडाची माती. चिमूट चिमूट, समद्यास्नी. तुमी भाजलेल्या मातीत लेकरं लावली. त्यात काय जीव हुता? मला बघवंना. आमच्यात लेक सासरी निघाली की तिच्या पदरात धुपाखालची माती बांधत्यात. तिथं नेऊन तुळशीत टाकायची, म्हंजी पोरीला परकं वाटत न्हाई. ह्या बी जाणारच की सासरी. रोज दिवा लावून येताना मूठभर आणायची आन् वाटायची. अजून मागची रांग ऱ्हायलीय. तिथं बांध हाय, माझं गुडघं वाकत न्हाईत."

मी ओरडले. गाव गोळा होईल इतक्या मोठ्यानं ओरडले. अहो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं, मी पत्र्यावर हात भाजून माती भाजली ती काय हौस म्हणून, ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं काय काय बोलले. ती माझ्याकडे बघत राहिली. मी का चिडलेय हेच तिला कळत नव्हतं, आणि मी चिडून थकले तेव्हा मला ते दिसलं.

मग मी तिच्यासमोर बसले आणि साबडे सरांनी सांगितलं ते सगळं तिच्या भाषेत सांगितलं.

"आईच्या पायाची हाय बाय ती," ती म्हणाली. "ती कशी मारंल?"

"ती नाही मारत. तिच्या मुळाशी काहीतरी असतं, डोळ्यांना न दिसणारं. तिला त्याचं काही होत नाही. पोरं कोवळी असतात. त्यांना सोसत नाही."

"म्हनून तिच्याखाली एक बी जगलं न्हाई."

"हो."

"लांब नेली तर जगत्यात?"

"हो. बहुतेक."

"तिच्यापासनं लांब. आन् तिनं हात लावायचा न्हाई."

"झाड कुठं हात लावतंय, आजी?"

"म्या झाडाचं बोलत न्हाई," ती म्हणाली.

रोपाला गोंजारणारं बोट तिनं मागं घेतलं. हात पदराखाली नेला. नंतर बोलली ती माझ्याकडे न बघता बोलली.

"माझी तीन गेली. ह्याच गावात, ह्याच मांडीवर. एक बारशाच्या आदी, एक रांगत हुतं तवा, एक दूध पितापिता. चवथ्याला दिवस ऱ्हायलं तवा भगताला बोलावलं. त्यो म्हनला, तुझ्या पदराला काय तरी हाय. तुला त्याची बाधा न्हाई, पोरास्नी हाय. तुझं दूध नको, तुझा हात नको, सावली बी नको. इकून टाक. हौसा आली. तिनं सूपभर कोंडा आणला. मी कोंडा घेतला आन् पोरगं तिच्या पदरात घातलं. नाळ सुकायची हुती अजून."

"कोंडीबा," मी म्हणाले.

"म्हनून त्याचं नाव. मी कवा हाक मारली न्हाई त्या नावानं त्याच्या तोंडावर. भगत म्हनला हुता, त्येला पोर होईस्तवर त्येला शिवायचं न्हाई. हौसा त्येला घिऊन जत्रंला यायची. त्यो धावत यायचा मावशे मावशे करत. म्या मागं सरकायची."

मला रडू येत होतं. माझी एक वाईट खोड आहे, रडू आलं की मी भांडायला उठते.

"तो भगत खोटं बोलला," मी म्हणाले. "माणसाचं असं काही नसतं. मुलं तापानं जातात, जुलाबानं जातात. तुमच्या पदराला काही नव्हतं, आजी. धडधडीत खोटं होतं ते."

"आसंल खोटं," ती म्हणाली. "पर पोरगं जगलं."

माझ्याकडे साबडे सर होते, तिच्याकडे कोंडीबा होता.

ती उठली, पिशव्यांना पाय लागू नये म्हणून लुगडं आवरून धरत बाहेर गेली, आणि कुंपणाचं फाटक तिनंच लावून घेतलं.

माती पडलेली सगळी रोपं मी त्या आठवड्यात लांब नेऊन जाळली. मागच्या बांधाशी जी रांग होती, जिथं तिचे गुडघे तिला पोचू देत नव्हते, तिथली तेवढी वाचली. त्यांना मी नव्या पिशव्या दिल्या, नवी भाजलेली माती दिली आणि उंच मांडव करून त्यावर ठेवलं. मर थांबली.

तानूबाई त्यानंतर रोपवाटिकेत आली नाही. ओढ्याच्या अलीकडे एक सपाट खडक होता. देवीचा दिवा लावून ती तिथं येऊन बसायची आणि तिथून हाक द्यायची.

"आज कशी हायती?"

"आहेत सगळी! या की बघायला!"

"नगं!"

मी खडकापर्यंत जाऊन तिची समजूत घालायची. आजी, एवढं नसतं. कढत पाण्यानं हातपाय धुतले, साबण लावला की झालं. मीसुद्धा धुऊनच आत जाते. ती ऐकून घ्यायची, मान डोलवायची.

"माती धुतली जाईल बाय. मला म्या वळखून हाय. आज धुऊन येईन, उद्या इसरीन. हात गप ऱ्हात न्हाई माझा."

होळीनंतर ट्रक आले आणि गाव खाली गेलं. मागं राहिले ते मोकळे चौथरे, एक-दोन चुकार कुत्री, मी आणि ती. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी एकाच चुलीवर स्वयंपाक केला. भाकरी ती करायची. मी केलेली भाकरी बघून एकदा म्हणाली, "ही भाकरी हाय का शिराळ्याच्या माळाचा नकाशा?" आम्ही खूप हसलो. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांतले ते दिवस होते. तिथून निघायची घाई मला नव्हती, तिला मात्र होती. ती रोज संध्याकाळी घाटाच्या तोंडाशी जाऊन खाली बघून यायची.

मृगाचा पाऊस तोंडावर आला तशी मी निरोप धाडला, आणि रोपं न्यायला कोंडीबाच टेम्पो घेऊन आला.

त्याला बघितल्याबरोबर मला हसू आलं, कारण कान थेट तानूबाईचे होते. तिशी ओलांडलेला, दणकट, कमी बोलणारा माणूस. मी आधी त्याला कढत पाण्यानं हात धुवायला लावले, चपला बाहेर काढायला लावल्या. त्यानं काही विचारलं नाही. एकेक रोप तो तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांनी उचलून टेम्पोत ठेवत होता. तानूबाई खडकावर उभी राहून लांबूनच सूचना देत होती. आरं, वाऱ्याच्या बाजूला नगं ठिऊ. आरं, दोरी आवळ जरा. इतकं तर त्यानं लग्नातसुद्धा कुणाचं ऐकून घेतलं नसेल.

सगळं बांधून झाल्यावर तो तिच्याकडे गेला. मी मागंच होते.

"पोरगी कशी हाय रं?" तिनं विचारलं.

"बोलाय लागलीय. ये की बघाया, मावशे."

"येते. झाड लागू दे. आईला घिऊनच येते."

तो पाया पडायला वाकला. ती झटकन मागं सरकली. इतकी झटकन, की खडकावरून पडायची.

"हात लावू नगंस! पायाला माती हाय माझ्या. त्याच हातानं रोपं उतरवशील."

"मावशे, नुसता पाया पडतोय."

"लांबनं पड."

कोंडीबा तसाच वाकलेला, हात पुढं केलेला. मग त्यानं ते हात परत घेतले, जमिनीला कपाळ टेकलं आणि उठला. तानूबाईनं दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले होते. मला वाटलं होतं ती रडेल, पण ती त्याच्याकडे डोळे भरून बघत राहिली, एवढंच. रडले ती मी, तेही टेम्पोत बसल्यावर, खिडकीकडे तोंड करून.

कोंडीबानं घाट अर्धा उतरवला. मग म्हणाला, "बाय, एक इचारू? ती अशी लांब का सरकती?"

"मातीमुळे," मी म्हणाले, आणि त्याला धुपाखालच्या मातीचं सगळं सांगितलं.

"त्ये आजचं झालं. मी बारका हुतो तवापासनं सरकती. जत्रंत समदी पोरं तिच्या अंगाखांद्यावर, आन् मी गेलो की ती मागं. आईला एकदा इचारलं हुतं, मावशीला मी आवडत न्हाई का."

"हौसाबाई काय म्हणाल्या?"

"रडली नुसती."

माझं हे काम नव्हतं. पण तिथं दुसरं कोण होतं सांगायला? मी त्याला भगताचं सांगितलं, मरून गेलेल्या तीन पोरांचं सांगितलं, कोंड्याचंही सांगितलं. तो समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता.

"कोंड्याचं ठावं हाय मला," शेवटी तो म्हणाला. "नावच त्ये हाय माझं. तिनं मला दिलं, ह्ये समद्या गावानं सांगितलं. का दिलं, ह्ये कुणी सांगितलं न्हाई. मला वाटायचं, नको हुतो."

पुढच्या वळणावर त्यानं टेम्पो कडेला घेतला आणि खाली उतरून चाकं बघितली. चाकांना काहीच झालेलं नव्हतं. जरा वेळानं तो परत येऊन बसला आणि आम्ही निघालो.

रोपं नव्या गावठाणाच्या कडेला, कालव्यालगत लागली, आणि संस्थेनं मला साताऱ्याच्या रोपवाटिकेत परत बोलावून घेतलं. मी तानूबाईला पावसाळ्यापुरतं तरी खाली चला म्हणून खूप विनवलं होतं. घाटमाथ्यावर एकदा पाऊस लागला की ओढे भरतात आणि चार महिने वर कुणी जाऊ शकत नाही. पण दिवा विझू देणं तिला मंजूर नव्हतं. गावानं तिला धान्य, तेल, काड्यापेट्या भरून दिल्या होत्या. इतकी वर्षं हाच पाऊस काढलाय, आता काय नवं, असं ती म्हणाली.

त्या वर्षी पाऊस लांबला. दसरा ओल्यातच गेला. त्यानंतर एका दुपारी मी आंब्याची कलमं बांधत होते तेव्हा फाटकाशी कोंडीबा दिसला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"झाड लागलंय," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "एकच ऱ्हायलं, पर चांगलं धरलंय. लाल पालवी आलीय."

मला इतका आनंद झाला की हातातला चाकू पडला. "मग आजींना आणायला कधी जायचं? मीपण येते."

"जाऊन आलो."

तो पायरीवर बसला. मी पाणी आणलं. तांब्या त्यानं बाजूला ठेवला.

"ओढा उतरल्या दिवशीच गेलो. तापानं फणफणली हुती. दिवा जळत हुता. म्या म्हनलं, झाड लागलंय, चल. ऐकलं तिनं. पाठीवर घेतली. नको नको करत हुती, पर अंगात काय ऱ्हायलं हुतं तिच्या? घाटभर एकच. माझी माती लागली तुला, घरी गेल्यावर आंघूळ कर, मग लेकीला घे, मग झाडापाशी जा. कितीदा सांगितलं. मी व्हय व्हय म्हनत हुतो. शेवटच्या ओढ्यापाशी बोलायची थांबली."

कलमं बांधायची सुतळी मी बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. घाम पुसायला त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढला, तेव्हा बघितलं, त्याचं डोकं भादरलेलं होतं.

"हौसाबाई कशा आहेत?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"बरी हाय. हौसामावशीनंच न्हाव्याला बोलावलं," तो म्हणाला. "म्हनली, आई गेल्यावर डोई भादरायची असती."